व्हिएतनामची बियर कशी प्यावी: रत्नागिरी-मालवणकडच्या मंडळींसाठी

मंडळी, हल्ली आपल्याकडनं व्हिएतनामला जाणारे जाम वाढलेत. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटी दोन्हीकडे थेट विमानं आहेत, ई-व्हिसा घरबसल्या निघतो, त्यामुळे पूर्वी गोव्याला जाणारी पोरं आता आंब्याचा हंगाम आटोपला की तिकडेच पळतात. जाण्याआधी विचारतात काय तर हॉटेल कुठलं घेऊ, ‘हा लाँग बे’ ह्या खाडीतली बोट कुठली बुक करू. बियरचं कोणी विचारत नाही. मग तिथे जाऊन हॉटेलच्या फ्रिजमधला हाइनिकेनचा कॅन फोडतात आणि परत येऊन सांगतात की तिथली बियर काय खास नाही रे. अरे बाबा, हाइनिकेन प्यायला एवढ्या लांब कशाला गेलास, ती चिपळूणात पण मिळते की.

तर पहिली आणि मुख्य गोष्ट. तिथली बियर मासळीसारखी घ्यायची. आपण बाजारात सुरमई बघताना काय विचारतो, आजची की कालची, कुठल्या बंदरावरची, बर्फात किती दिवस होती. तेच प्रश्न तिथे बियरच्या बाबतीत विचारायचे, मग चुकायचं काम नाही.

दुसरं म्हणजे ‘स्ट्राँग’ विसरा. आपल्याकडे वाईन शॉपच्या काउंटरवर गेलं की तोंडातून पहिला शब्द निघतो तो स्ट्राँग, सात-आठ टक्केवाली, दोन बाटल्यांत काम फत्ते. व्हिएतनामला हा हिशोबच नाही. तिथल्या नेहमीच्या कॅन-बाटलीतल्या बियर साडेचार-पाच टक्क्यांच्या आसपास असतात आणि रस्त्यावरची ताजी ‘बिया होय’ तर तीन ते चार टक्के. मालवणच्या एका दोस्ताने पहिला ग्लास संपवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘रे मेल्या, ह्यां बियर की सोडा?’ तासाभराने तोच गडी उठायला तयार नव्हता. म्हणजे चढली म्हणून नाही, मजा येत होती म्हणून. ती बियर चढवायला नसतेच, गरम हवेत चार माणसं तीन-चार तास बसून खात, बोलत, हळूहळू पिऊ शकतील अशी ती बनवलेली आहे. हवा म्हणाल तर आपल्यासारखीच दमट, घाम पुसत बसायचं, त्यामुळे हे गणित आपल्याला खरं तर लगेच पटायला हवं.

आता कुठे काय प्यायचं. देश उभाच्या उभा लांब आहे आणि प्रत्येक पट्ट्याची आपापली बियर आहे. उत्तरेत हनोईला ‘बिया हनोई’ आणि तिचीच मोठी बहीण ‘त्रुक बाक’. मधल्या भागात ह्युए शहराची ‘हुडा’, आणि दा नांगकडे गेलात की ‘लारू’, जिच्यावर वाघाचं चित्र असतं. दक्षिणेत साइगॉनला, म्हणजे हो ची मिन्ह सिटीचंच जुनं नाव, ‘बिया साइगॉन’ आणि ‘३३३’, जिला तिथे ‘बा बा बा’ म्हणतात. हनोईत बसून साइगॉनची बियर मागितली तर मिळेल, पण जिथली तिथेच पिण्यात शहाणपण आहे, कारण कारखाना जवळ म्हणजे माल ताजा. टायगर सगळीकडे दिसेल, ती मूळची सिंगापूरची, इथे हाइनिकेनवाले बनवतात. वाईट नाही, पण पहिल्या दिवशी नको.

ह्या सगळ्याचा इतिहास थोडक्यात सांगतो कारण त्याशिवाय लेबलं वाचण्यात मजा नाही. बियर तिथे फ्रेंचांनी आणली. व्हिक्टर लारू नावाच्या फ्रेंच माणसाने १८७५ मध्ये साइगॉनला छोटा कारखाना काढला, पुढे त्यातूनच जी मोठी कंपनी उभी राहिली तिच्या नावातच ‘इंडोचायनाचे बियर आणि बर्फाचे कारखाने’ असं होतं, म्हणजे दोन्ही धंदे एकत्रच. हनोईला ओमेल नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने १८९० मध्ये कारखाना टाकला. १९५४ मध्ये तिथून, म्हणजे उत्तरेतून, फ्रेंच गेले, कारखाना बंद पडला, मग चेकोस्लोव्हाकियाच्या तज्ज्ञांच्या मदतीने तो परत सुरू केला आणि पहिली बाटली निघाली १५ ऑगस्ट १९५८ ला, त्रुक बाक नावाने. तारीख आपल्याला विसरायचं कारण नाही. तिकडे साइगॉनला फ्रेंचांची ‘३३’ बियर चालायची, १९७५ मध्ये युद्ध संपून कम्युनिस्ट सरकार आलं, कारखाना सरकारी झाला आणि ३३ ची ३३३ झाली.

आजची गंमत बघा. साइगॉनचा सरकारी कारखाना चालवणाऱ्या साबेको कंपनीचा ५३.५९ टक्के हिस्सा २०१७ च्या शेवटी थायलंडच्या थायबेव्हने घेतला, जवळपास ४८० कोटी डॉलर मोजून. हुडा डॅनिश कार्ल्सबर्गची. आणि लारू, ज्या माणसाच्या नावाने सगळं सुरू झालं ती बियर आता हाइनिकेनच्या ताब्यात. मोठ्यांपैकी बिया हनोई बनवणारी हाबेको कंपनीच तेवढी अजून सरकारच्या हातात, ८० टक्क्यांहून जास्त. माणसं मात्र अजून आपल्या गावच्या बियरसाठी भांडतात, मालक कोण ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. एवढ्या कंपन्या का तुटून पडल्यात विचाराल तर साधारण दहा कोटी लोकांचा देश वर्षाला ४०० कोटी लिटरच्या आसपास बियर रिचवतो. टेटच्या म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाच्या आधी गेलात तर दुकानांबाहेर बियरच्या खोक्यांचे डोंगर दिसतील, आपण दिवाळीला मिठाईचा बॉक्स देतो तसा तिथे कॅनचा खोका देतात. पण जायचं तर लवकर जा, बियरवरचा विशेष कर सध्या ६५ टक्के आहे, २०२७ पासून दरवर्षी वाढत २०३१ ला ९० टक्के करायचा कायदा २०२५ मध्ये झालाय.

आता खरी गोष्ट, बिया होय. ही प्यायल्याशिवाय परत येऊ नका, बाकी काही नाही बघितलंत तरी चालेल.

ही बनते कशी ते समजून घ्या म्हणजे ती आजचीच का प्यायची ते कळेल. बियरला लागतं जवाचं माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, हॉप्स म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, यीस्ट आणि पाणी. तिथल्या उष्ण हवेत जव पिकत नाही, माल्ट आणि हॉप्स दोन्ही बाहेरच्या देशांतून आणावे लागतात, महाग पडतात. भात मात्र पोत्याने. म्हणून माल्टच्या जोडीला तांदूळ घालतात. तांदूळ आधी वेगळा शिजवून त्याची पेज करतात, मग ती माल्टच्या घोळात घालतात, माल्टमधली एन्झाइम्स तांदळाच्या पिठूळपणाची साखर करतात, ते गाळून हॉप्स घालून उकळतात, थंड करून यीस्ट सोडतात. तांदळामुळे बियर अंगाने हलकी, फिकट रंगाची आणि घशाखाली सुटसुटीत उतरणारी होते. इथपर्यंत बाटलीतली आणि बिया होय दोघींची कथा बऱ्यापैकी सारखीच. फरक पुढे आहे. बिया होय आठवड्या-दहा दिवसांत तयार करून तशीच पिंपात भरतात, पाश्चराइझ करत नाहीत, म्हणजे गरम करून जंतू मारायचा प्रकार नाही. सकाळी कारखान्यातून पिंपं निघतात, दुपारपर्यंत गल्लीबोळात पोचतात आणि त्याच दिवशी संपायला हवीत. दुसऱ्या दिवशी तिची चव पडते, गॅस जातो, मग आंबूस लागायला लागते.

तेव्हा दुकान ओळखायचं कसं. एक, दारातच धातूचं पिंप दिसलं पाहिजे आणि त्याला नळी किंवा तोटी. पिंप दिसत नसेल आणि नुसतीच पाटी असेल तर बाटलीतली ओतून देत असतील, पुढे चला. दोन, प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं, गुडघे पार छातीला लागतात अशी, त्यावर बसलेली गावातली माणसं, ऑफिस सुटून आलेले काका लोक, जमिनीवर शेंगदाण्याची टरफलं. टूरिस्टच टूरिस्ट दिसत असतील तर समजून जा. हनोईच्या जुन्या भागातली ता हिएन गल्ली फार प्रसिद्ध आहे, तिथे एक चक्कर मारा, फोटो काढा, आणि दोन-चार गल्ल्या पलीकडे जाऊन प्या. तीन, वेळ. चार ते सात ही उत्तम. नऊला गेलात तर पिंप रिकामं झालेलं असायची शक्यता जास्त, आणि नऊलाही भरलेलं असेल तर मला तरी शंका येते. ‘बिया तुओय’ असाही एक प्रकार दिसेल, तीही पिंपातलीच पण थोडी स्ट्राँग, थोडी महाग आणि जास्त टिकणारी. चांगली असते, पण बिया होय ती बिया होय.

ग्लास येईल तो नीट बघा. जाडजूड, हिरवट-निळसर काचेचा, आत बुडबुडे अडकलेले, कड वाकडीतिकडी, दोन ग्लास शेजारी ठेवले तर उंची सारखी नाही. ७० च्या दशकात, सगळ्याच गोष्टींची टंचाई होती तेव्हा हा ग्लास तयार केला, भंगारातली काच वितळवून, तोंडाने फुंकून, आणि आजही तसाच बनवतात. त्यात ती फिकट पिवळी बियर, वर थोडासाच फेस आणि तो लगेच बसतो. फेस बसला म्हणून तक्रार करू नका, ती तशीच असते.

हाक मारायची पद्धत आपल्यासारखीच, नात्याने. वाढणारी पोरगी किंवा पोरगा वयाने लहान असेल तर ‘एम ओय’, मोठा दादा असेल तर ‘आन्ह ओय’, ताई असेल तर ‘ची ओय’. मोठ्याने हाक मारायची, लाजायचं नाही, तिथे सगळेच ओरडतात. एक्सक्यूज मी करत बसलात तर रात्र होईल. बोटं दाखवून किती ग्लास ते सांगा. ग्लासचे हिशोब कागदाच्या चिटोऱ्यावर रेघा मारून ठेवतात, तो चिटोरा टेबलावरच असतो, त्याच्यावर तुमचंही लक्ष असू द्या. बाटल्या-कॅन घेत असाल तर बऱ्याच ठिकाणी अख्खा क्रेट आणून शेजारी ठेवतात, घाबरू नका, फोडलेल्याचेच पैसे, उरलेल्या परत जातात.

टेबलावर आधीच शेंगदाण्याची पुडी आणि ओला थंड नॅपकिन ठेवलेला असतो. ते फुकट नाही. नॅपकिनची पिशवी फोडलीत की पैसे लागले. किरकोळ असतात, पण मग बिलावर वाद घालणारे आपलेच लोक मी बघितलेत.

बर्फ. दक्षिणेत साइगॉनकडे बियरमध्ये सरळ बर्फाचा मोठा तुकडा टाकून देतात आणि तो वितळला की दुसरा टाकतात. आपल्याला हे पाप वाटतं. पण पस्तीस डिग्रीत, हलकी बियर, बाटली कधीकधी नीट गार नसते, तेव्हा टाका बिनधास्त. फक्त बर्फ बघून घ्या, मधे भोक असलेला नळकांडीसारखा असेल तर तो कारखान्यात त्यासाठीच बनवलेला असतो. लादी फोडून चुरा केलेला असेल तर पोटाचा विचार करा.

शेजारच्या टेबलावरून कोणीतरी ग्लास उचलून तुमच्याकडे बघणारच. मग ‘मोत्त, हाय, बा, झो!’ म्हणजे एक-दोन-तीन आणि उचला. दक्षिणेत झो च्या जागी ‘यो’ ऐकू येईल. ग्लास भिडवताना समोरचा वयाने मोठा असेल तर आपला ग्लास थोडा खाली धरायचा, ही अदब ते पाळतात आणि तुम्ही पाळलीत तर फार खूश होतात. कोणी ‘च्याम फान च्याम’ म्हणालं तर सावध व्हा, त्याचा अर्थ शंभर टक्के, म्हणजे ग्लास एका दमात रिकामा करायचा. एकदा करा, मग हसून हाताने ‘अर्धा’ दाखवा, चालतं.

आणि खाणं! नुसतं पीत बसायची तिथे पद्धतच नाही, टेबलावर चखणा हवाच आणि आपल्या माणसाला तर तिथे स्वर्ग आहे. हनोईला उकडलेल्या शेंगा, तळलेला टोफू, आंबवलेल्या डुकराच्या मांसाचे केळीच्या पानात गुंडाळलेले छोटे तुकडे. दक्षिणेत समुद्राचं राज्य. साइगॉनला विन्ह खान्ह नावाचा रस्ता आहे तिथे ओळीने शिंपल्या-गोगलगायींची दुकानं, परातीत जिवंत माल मांडलेला, बोट दाखवायचं आणि कसं हवं ते सांगायचं. गवती चहात वाफवलेल्या तिसऱ्या, निखाऱ्यावरची कालवं, वर पातीच्या कांद्याचं गरम तेल आणि शेंगदाण्याचा कूट. सुकवलेलं माकुल निखाऱ्यावर भाजून, ठेचून, रेषा रेषा काढून तिखट चटणीत बुडवून खातात, ते खाताना मला आपले भाजलेले सुके बोंबील आठवल्याशिवाय राहत नाहीत. शाकाहारी असाल तर टोफू, शेंगा आणि लसूण घालून परतलेली नाळीची भाजी, हो तीच, आपल्याकडे पाणथळात उगवते ती. फक्त फिश सॉस नको हे आधी सांगा, नाहीतर तो घातलेला असणारच.

पैशाचं बघा. ढोबळ हिशोब असा की तीनशे डाँग म्हणजे एक रुपया. बिया होयचा ग्लास गल्लीत दहा-पंधरा हजार डाँगला मिळतो, म्हणजे चाळीस-पन्नास रुपयांच्या आत. शून्यं बघून डोकं फिरतं. २० हजारांची आणि ५ लाखांची नोट, दोन्ही निळ्या आहेत, संध्याकाळच्या पिवळ्या बल्बखाली आणि तीन ग्लासांनंतर तर सारख्याच दिसतात. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

आणि स्कूटर भाड्याने घेतली असेल तर ती हॉटेलवरच ठेवायची. इथे मी गंमत करत नाहीये. २०२० पासून तिथे दारू पिऊन गाडी चालवायला शून्य सूट आहे, एक ग्लाससुद्धा नाही. २०२५ पासून दुचाकीला सगळ्यात वरच्या पायरीचा दंड ८० लाख ते एक कोटी डाँग आहे, म्हणजे सत्तावीस ते तेहतीस हजार रुपये, आणि गाडी जप्त होते ती वेगळी. सायकलवाल्यालाही दंड होतो. ग्रॅब ह्या ॲपवरून बाईक टॅक्सी बोलावली की काही रुपयांत खोलीवर पोचता.

क्राफ्ट बियरचं, म्हणजे छोट्या कारखान्यांच्या वेगळ्या चवीच्या बियरचं, एका दमात सांगतो. साइगॉनला पाश्चर स्ट्रीट नावाची ब्रुअरी आहे, मोगऱ्याच्या जातीतल्या फुलाचा वास असलेली त्यांची जास्मिन आयपीए घ्या, आयपीए म्हणजे जास्त हॉप्सची कडवट बियर. त्यांच्याच चॉकलेट स्टाउट ह्या काळ्या बियरला २०१६ च्या वर्ल्ड बियर कपमध्ये सुवर्णपदक मिळालंय, चॉकलेट तिथलंच. दर मुंबईच्या पबसारखे. एक संध्याकाळ पुरे.

आता परत आल्यावर गावात असा बेत करायचा तर. व्हिएतनामी बियरचा कॅन शोधत फिरू नका, तो आपल्यापर्यंत पोचेपर्यंत शिळा झालेला असतो. त्यापेक्षा आपल्या दुकानातलीच माइल्ड लागर, म्हणजे नेहमीची फिकट बियर, घ्या, बाटलीवरची उत्पादनाची तारीख वाचा आणि सगळ्यात अलीकडची मागा, दुकानदार मागच्या रांगेतली काढून द्यायला कुरकुर करेल, करू दे. काचेच्या दारापाशी उन्हात मांडलेली घेऊ नका. हॉप्समधल्या घटकांवर ऊन पडलं की बियरला कुबट, घाण वास येतो, हिरव्या बाटलीत तर फारच लवकर, तपकिरी बाटली बरीच वाचवते. बीचवर वाळूत बाटल्या रोवून फोटो काढणाऱ्यांना हे कोणीतरी सांगा. आपल्या राज्यात बियरसाठी वय २१ लागतं आणि परमिटही, दुकानात एक दिवसाचं मिळतं. घरी बनवायच्या फंदात पडू नका, लायसन्स लागतं.

चखण्याला दोन गोष्टी करा. परसातला गवती चहा उपटून आणा, आपण पानं चहात टाकतो पण इथे खालचा पांढरा बुडखा हवा, तो वरवंट्याने ठेचायचा. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात तास-दोन तास ठेवून वाळू सोडू द्या, मग पातेल्यात गवती चहा, आलं, दोन हिरव्या मिरच्या आणि तिसऱ्या, पाणी जेमतेम अर्धी वाटी, मीठ अजिबात नाही, झाकण ठेवून मोठ्या आचेवर. तोंडं उघडली की झालं, जी उघडली नाही ती टाकून द्या. कोळंबीचं तर त्याहून सोपं. मोठी घ्या, डोकं आणि साल ठेवा, फक्त पाठीचा काळा दोरा काढा. पातेल्याच्या तळाशी तोच ठेचलेला गवती चहा, वर पाऊण वाटी माइल्ड बियर, त्यावर चाळणीत कोळंबी, चार-पाच मिनिटं वाफ. लाल होऊन वळली की उतरवा, जास्त ठेवलीत तर रबर. स्ट्राँग बियर घालू नका, वास उग्र येतो.

सोबत मीठ, ताजी कुटलेली काळी मिरी आणि लिंबू, वाटीत एवढंच, फार तर एक मिरची चिरून. घरची मोठी माणसं विचारतील की ह्यात खोबरं नाही, तिरफळं नाहीत, कोकम नाही, मग ह्याला काय म्हणायचं. त्यांना आधी तिसऱ्यांचं पाणी द्या, ते ओतून टाकायचं नसतं, गरम गरम वाटीत घेऊन वर लिंबू पिळून प्यायचं, मग ती गप्प बसतात. आणि बेत ठरवायच्या आधी ड्राय डे कधी आहे ते बघून घ्या, ऐनवेळी दुकान बंद निघालं तर कोळंबी साध्या पाण्यावर वाफवावी लागेल.